पोत्याखालची फरशी

आमची लेक दोन वर्षांची असताना मंगळवार पेठेतल्या भाड्याच्या घरात घसरून पडली. आरशासारखी चकचकीत फरशी, तिच्यावर सांडलेलं घोटभर पाणी, आणि हनुवटीला तीन टाके. तेव्हापासून माझा गुळगुळीत फरशीवरचा विश्वास उडाला, आणि ती विकणाऱ्यांवरचाही.

पुढं कसबा बावड्यात आमचं स्वतःचं घर उभं राहू लागलं. तोवर धाकटा रांगायला लागला होता. फरशी मीच निवडणार, असं मी नवऱ्याला निक्षून सांगितलं. दुकानदार प्रत्येक नमुन्यावर हात फिरवून ‘न घसरणारी’ म्हणायचा. मी दुकानातच चपला काढल्या, बाटलीतलं पाणी फरशीवर ओतलं आणि अनवाणी चालून बघितलं. तो हसला. त्याच्या हसण्यानं माझा संशय आणखी वाढला.

तीन नमुने घरी आणले. त्यांच्यावर तांबडा रस्सा, हळदीचं तेल आणि लेकीचे मेणाचे खडू लावून रात्रभर तसेच ठेवले. सगळ्यात खरबरीत फरशीनं हळद धरून ठेवली, घासून घासून माझी बोटं दुखली तरी सोडली नाही. गुळगुळीत एका पुसण्यात लख्ख झाली, पण ओल्या पायाखाली सरकत होती. मधली घेतली. करड्या रंगाची, मंद, पायाला किंचित धरणारी. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. त्यांनी ती बघून एवढंच विचारलं, की नवीन घराला एवढी मळकट फरशी कशाला. मी हनुवटीवरच्या टाक्यांची आठवण करून दिली. त्या नमुना खाली ठेवून आत गेल्या, आणि मला वाटलं, विषय मिटला.

फरशी बसवायला दुकानदारानंच एक मिस्त्री पाठवला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. स्वयंपाकघर त्यानं सुरेख केलं, सांधे इतके बारीक की त्यात कणीकही अडकू नये. पण बाहेरच्या खोलीची जमीन सपाट करायला घेतली आणि त्याचं वागणं मला वेगळं वाटायला लागलं. मी गेले की तो काम थांबवून हात धुवायला जायचा. खोक्यांवर पोती टाकलेली असायची. विचारलं तर म्हणायचा, धूळ बसते. बंद खोक्यांना धुळीचं काय भय, हे माझ्या डोक्यातून जाईना.

एका दुपारी तो जेवायला बाहेर गेला होता. मी पोतं उचललं. एका खोक्याचं तोंड फुटलेलं होतं. आत तोच करडा रंग, पण चकचकीत. बोट ओलं करून फिरवलं, तर सरळ घसरलं. माझ्या डोक्यात तिथंच सगळी गोष्ट जुळली: यानं आमची फरशी दुसरीकडं खपवली आणि ही आणून ठेवली. नवरा म्हणाला, आधी विचार तरी त्याला. मी कशाला विचारते? दुकानदाराला फोन केला आणि सांगितलं, तुमचा मिस्त्री माल बदलतोय, यापुढं कुणाकडं पाठवताना विचार करा. तो नुसता ‘बघतो’ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री आला तो थापी खाली न ठेवताच दारात उभा राहिला. मी, नवरा आणि आत्ती आतच होतो.

“ताई, तुमी दुकानात माझ्याबद्दल बोललासा म्हणं. फरशी मी न्हाय बदलली. ती बदलून द्या म्हणून तुमच्या घरातनंच दुकानात फोन गेलता.”

मी नवऱ्याकडं वळणार, तेवढ्यात आत्ती बोलल्या, “मीच सांगितलंतं. बसवून होईस्तवर सूनबाईला दाखवू नका, हे बी मीच सांगितलं.”

मग त्या सावकाश सांगत गेल्या. बिद्रीजवळच्या गावात त्यांचं निम्मं आयुष्य शेणानं जमीन सारवण्यात गेलं. पुढं खडबडीत शहाबादी आली, तीही रोज हातानं घासायची. जन्मात एकदा तोंड दिसंल अशी फरशी आपल्या घरात असावी, एवढंच त्यांना वाटत होतं. पोरं पडतील हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं असं नाही. “मी बघीन की पोरांकडं,” त्या म्हणाल्या. मला राग आला होता, पण तो कुठं ठेवावा ते कळेना.

वाट काढली ती मिस्त्रीनंच. म्हणाला, जमिनीला नको, ओट्यामागच्या भिंतीला लावू. बाकीची खोकी परत गेली, आमची मूळ फरशी आली. आता आत्ती रोज सकाळी ती भिंत पुसतात आणि तिच्यासमोर उभं राहून पदर नीट करतात. बाहेरच्या खोलीत पोरं पाणी सांडून पळतात. अजून कुणी पडलेलं नाही.

मिस्त्रीची मी माफी मागितली. तो “असू दे” म्हणाला आणि चहा न घेता गेला. मग मी दुकानात जाऊन माझं चुकलं असं स्वतः सांगितलं. दुकानदारानं मान हलवली. फरशी बदलायचा फोन आत्तींचा होता हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, तरी माझं ऐकून तो गप्प का बसला, हे मी विचारलं. त्यानं नवीन नमुने पुढं केले. गेल्या महिन्यात शेजारच्या बंगल्यात त्याच दुकानाची फरशी बसत होती. डोकावून बघितलं, तर मिस्त्री दुसराच होता.