सातव्या कड्यातली फट

सोमाजी कापगते मास्तर आणि मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी त्यांचं ऐकून घेण्याआधीच त्यांना वाटेला लावत होते. सडक अर्जुनीला महामार्गाच्या कडेला माझा कॉम्प्युटर क्लास आहे. सत्तरीचे एक गृहस्थ दारात चपला काढून आत आले आणि मी मान वर न करता सांगितलं, "काका, हयातीचा दाखला पलीकडच्या दुकानात निघतो." ते खुर्ची ओढून बसले. शाळकरी वही उघडून माझ्यापुढे ठेवली. पानावर पेन्सिलीने एक वर्तुळ काढून त्याचे बारा तुकडे पाडलेले होते.

"दाखला नाई पायजे, बाई. हे कॉम्प्युटरवर काढाले शिकवतेस का? हातानं काढतो तं कोन चुकून राहिला."

मास्तर सरकारी प्रशिक्षण संस्थेत सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. फिरत्या लाकडाला पटाशी लावून आकार द्यायचा, म्हणजे खरादीचं काम, त्यात त्यांचं आयुष्य गेलं. पाळण्याचे दांडे, खाटांचे पाय, लाटणी यांची तर गणतीच नाही. निवृत्तीनंतर मोबाइलवर त्यांनी एक वेगळंच भांडं पाहिलं. ते एका ओंडक्यातून कोरलेलं नव्हतं. लाकडाचे छोटे तुकडे जोडून कडी करायची, कडी एकावर एक चिकटवायची आणि मग तो सगळा डोलारा खरादीवर चढवून कातायचा. सांगायला सोपं आहे. पण एका कड्यात बारा तुकडे, त्यांची चोवीस टोकं. प्रत्येक टोकाला अर्धा अंश चुकला की शेवटचा तुकडा बसवताना बारा अंशांची फट 'आ' वासून उभी राहते.

असल्या आराखड्याचं सॉफ्टवेअर मी जन्मात पाहिलं नव्हतं. एक फुकट मिळणारं शोधून काढलं. आदल्या दिवशी स्वतः शिकायचं आणि दुसऱ्या दिवशी बाईच्या थाटात मास्तरांना सांगायचं, असं वर्षभर चाललं. माउस ते रंध्यासारखा धरत आणि टेबलाच्या टोकापर्यंत ढकलत नेत. आधी भांड्याची बाहेरची रेघ काढायची, मग कडी किती, एका कड्यात तुकडे किती ते भरायचं, की प्रत्येक तुकड्याची लांबी आणि कोन समोर येतो. ते पहिल्यांदा जमलं तेव्हा मास्तर पडद्याकडे पाहून म्हणाले, "याले लाकूड फुगते-आटते हे ठावं हाय का?" मी म्हटलं, नाही. "मंग हे अर्धंच शिकलं हाय." त्या दिवसापासून उरलेलं अर्धं शिकायला मी त्यांच्या शेडमध्ये जाऊ लागले आणि बाईची शिष्या झाले.

त्या शेडमध्ये एक नियम होता. फट पडली तर भुसा आणि गोंद कालवून ती बुजवायची नाही. सगळेच सुतार बुजवतात, बुजवलेली दिसतही नाही, पण मास्तरांना ते खपत नसे. स्वतःचं फसलेलं पहिलं कडं त्यांनी दारावरच्या खिळ्याला टांगलं होतं. कोणी हसलं तर म्हणत, "माही चूक हाय. लपवाले काय चोरी केली का?"

माणूस म्हणून ते कसे आहेत, तेही सांगते. माझा पाय मोडला तेव्हा क्लास बंद पडायची पाळी आली. मास्तरांना तेव्हा फाइल सेव्ह करणंही धड येत नव्हतं. तरी दीड महिना रोज सकाळी त्यांनी कुलूप उघडलं, पोरांना कागदावर कोन काढायला लावले आणि तक्रार घेऊन आलेल्या पालकांना ठणकावलं, "बाई येतवरी हेच शिकाचं." एकही पोरगं सोडून गेलं नाही. मी आभार मानायला गेले तर म्हणाले, "आभार कायले? तिथं पंखा हाय, माह्या घरी नाई." घरी पंखा होता. मी त्याच्याखालीच बसले होते.

मास्तरांच्या पंच्याहत्तरीच्या गौरव समितीने माझ्याकडे प्रसन्न लेख मागितला आहे. इथवर तो तसा झालाही असेल. पुढचा होणार नाही.

दोन वर्षांपूर्वी मास्तरांना काचबिंदू निघाला, आणि निघाला तोच फार उशिरा. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेलीही फार दिवस टिकणार नाही. मास्तरांनी तेव्हा एका मोठ्या भांड्याचा आराखडा करून ठेवला होता. त्यांच्या आई डोक्यावरून पाणी आणायच्या त्या पितळी गुंडाचा, म्हणजे घागरीचा, आकार, चौदा कडी, तांबूस बीजा आणि पांढरट शिवण ही दोन लाकडं आलटूनपालटून. लाकूड आणलेलं होतं, पण ओलं होतं. "एक उन्हाळा खाऊ दे त्याले," असं ते म्हणाले होते. मग एके दिवशी काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नींनी, मला अंगणात बाजूला घेतलं. "ताट समोर असते, तरी हात चाचपून राहिले. तो गुंड लवकर कर ना माय."

मी केला. लाकूड वाळलं का, असं मास्तरांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणाले. कापलं मी, जोडलं मी, कातलं मी. सातव्या कड्यात फट राहिली, केसाएवढी. ते कडं नव्याने करायला आठवडा लागला असता, आणि मला एकेक दिवस जड झाला होता. मी भुसा आणि गोंद कालवला, फट भरली, घासली, पॉलिश केलं.

सकाळच्या उन्हात, खिडकीशी बसून मास्तरांनी तो गुंड पाहिला. उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरून, कडं कडं फिरवत. अर्धा तास तरी गेला असेल. मग काकूंना हाक मारून म्हणाले, "माह्या मायचा गुंड पाय." आणि मला म्हणाले, "जमलं, बाई." त्या दोन शब्दांनी मी हरखून गेले होते, हे लिहायला आज लाज वाटते. दिवाळीपर्यंत त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायला लागलं. त्यानंतर खरादीवरची कुठलीच वस्तू त्यांनी पाहिली नाही.

उन्हाळ्यात लाकूड आटलं. मी गेले होते तेव्हा गुंड त्यांच्या मांडीवर होता. अंगठा फिरता फिरता थांबला. नखाने टोकरलं, भुशाचा कण धोतरावर पडला.

"हे कोनतं कडं?"

"सातवं."

"कवा भरलीस?"

"तुम्ही पाहायच्या आधी."

त्यांनी अंगठा पुन्हा त्या फटीवर ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, "मंग मी पायलो काय?"

मी रडले. तुम्हाला दिसावं म्हणूनच घाई केली, असं काहीबाही सांगितलं. ते म्हणाले, "फट हाय म्हनतीस, तं मी फटच पायलो असतो ना." एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. महिनाभर त्यांनी मला बोलावलं नाही आणि जायचं धाडस मला झालं नाही.

पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथाला त्यांनी आधी साफ नकार दिला होता. समितीचे लोक तिसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाले, "बाई तिच्या हातानं गुंडाचं लिव्हत असन, तं छापा." म्हणून हे लिहिलं आहे. गुंड समारंभात ठेवला जाईल. पाहणाऱ्यांनी वरून सातवं कडं पाहावं.

मास्तरांनी मला माफ केलं की नाही, मला ठाऊक नाही. विचारलं तर "काऊन?" म्हणतात आणि विषय बदलतात. पण मागच्या महिन्यात त्यांनी नवं लाकूड आणवलं आणि ओसरीत रचून घेतलं, फळी फळीमध्ये हवा खेळेल असं. रोज सकाळी भिंत धरत जातात, फळीवर बोट वाजवून ऐकतात. अजून दोन उन्हाळे लागतील म्हणतात. लोक शंभर वर्षं मागतील, मीही मागते. पण आधी हे दोन उन्हाळे मास्तरांना धडधाकट मिळू देत, काकू सोबत असू देत, त्यांच्या अंगठ्याची जाण शाबूत राहू दे. नवा गुंड त्यांना दिसणार नाही. मी तो त्यांच्या हातात देईन आणि कुठे चुकलं आहे, ते त्यांनी हात फिरवायच्या आधी सांगेन.