सीट घरी नेणारा मिस्त्री

कमोडची सीट गळ्यात अडकवून सायकल चालवणारा माणूस भिवंडीने एकच पाहिला असेल. सीट पांढरी असो, काळी असो, मिस्त्रीच्या गळ्यात ती हारासारखी असायची आणि दोन्ही हात हँडलवर. कारखान्यांच्या गल्लीतून जाताना शिफ्ट सुटलेली पोरं ओरडायची, "मिस्त्री, सत्कार कुनी केला?" तो न थांबता म्हणायचा, "तुझ्या बापाने. चौथ्या दिवशी परत न्यायचाय." चौथा दिवस ही थट्टा नव्हती. घरात नवा कमोड बसवला की तो सीट काढून आपल्या घरी न्यायचा, काल्हेरला. बुडाखालचं सिमेंट आणि धरून उठायला भिंतीत गाडलेला दांडा चार दिवस हलवायचा नाही, हे लोक मान डोलावून ऐकतात आणि दुसऱ्या दिवशी जाऊन बसतात. चिनी मातीच्या उघड्या काठावर मात्र कुणी बसत नाही. चौथ्या दिवशी सकाळी तो सीट गळ्यात घालून परत हजर व्हायचा.

त्याच्याबद्दल भिवंडीत शेवटचं जे बोललं गेलं ते मी बोललो, माझ्या दुकानाच्या पायरीवरून, गिऱ्हाइकांच्या देखत. लोकांनी तेवढंच धरून ठेवलं. त्याने घरोघरी केलेलं काम विसरले. त्याचं नाव त्या दिवशी गेलं ते परत आलं नाही. म्हणून हे लिहितो आहे. त्याच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हेही आधीच सांगून टाकतो.

मी राहनाळचा. गोदामात सिमेंटच्या गोण्या वाहिल्या, मग गोण्या विकल्या, आणि ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत अंजूरफाट्याच्या रस्त्यावर नळ, फरशा, संडासाची भांडी विकायचं दुकान टाकलं. मला कुणी काही दिलं नाही. जे घेतलं ते घासाघीस करून घेतलं. मिस्त्री माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. तरी एकमेकांना अरे-तुरे. आमच्या खाडीकाठच्या गावांत अहो-जाहो करायला माणूस एकतर परका लागतो, नाहीतर पोलीस.

आधी तो यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होता, म्हणजे लूम दुरुस्त करणारा. लूमचा एक पाय जरी केसभर उचललेला राहिला तर सगळा लूम नाचतो, आणि नाचणाऱ्या लुमातून आडवा धागा नेणारा टोकदार धोटा बाहेर उडतो. असाच उडालेला धोटा त्याच्या शेजारच्या कारागिराच्या डोळ्यात गेला होता. त्याच लुमाखाली पाचर मारायची मिस्त्रीने मालकाकडे दोनदा परवानगी मागितली होती. मालक म्हणाला होता, दिवाळीच्या सुट्टीत बघू. मिस्त्रीने त्या आठवड्यात नोकरी सोडली. नवीन बिल्डिंगी उठत होत्या, गुडघे गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी घरोघर कमोड येत होते. तो त्या कामाला लागला. म्हणायचा, "लूम काय, कमोड काय. हललं की मानूस जातो."

आपल्या भाषेत कमोडही बसवतात आणि म्हातारीलाही बसवतात. मिस्त्रीने हा शब्द फारच मनावर घेतला होता. घरात शिरला की हत्यारांची पिशवी दाराशी ठेवायचा आणि म्हणायचा, "आधी म्हातारी बसव, मंग कमोड." मग म्हातारीला खुर्चीवर बसायला लावायचा, उठायला लावायचा, पुन्हा बसायला लावायचा. गुडघ्याच्या खोबणीपासून जमिनीपर्यंत सुतळी धरून गाठ मारायचा. उठताना कुठला हात टेकतेस, रात्री चप्पल घालतेस का, चक्कर कधी येते, असं काहीबाही विचारायचा. सुना पदराआड हसायच्या. तो म्हणायचा, "बसताना कोन पडत न्हाय गो. उठताना पडतात." ठेंगण्या बायकांचे पाय अधांतरी राहतात म्हणून पायाखाली तो विटांची बुटकी पायरी बांधून द्यायचा. संडासाचं दार बाहेर उघडेल असं फिरवून घ्यायचा, कारण आत पडलेला माणूस दाराला आडवा होतो. सुतार कुरकुरायचे. मिस्त्री सुताराला आत आडवा पाडून दाखवायचा.

एका निवृत्त हेडमास्तरांना त्याने पँटीसकट सगळ्या घरादारासमोर सीटवर बसवलं होतं. दार सताड उघडं. मास्तर लाजेने लाल झाले. म्हणाले, "अरे, मी नंतर बसून बघेन ना."

"नंतर तू एकटा असशील गुरजी. आता पडलास तर उचलायला पाच जण हाईत. हल, जोरात हल. वर्गात पोरांवर धावायचास तसा हल."

मास्तर हलले. सीट डावीकडे अर्धं बोट सरकली. मिस्त्रीने ती काढली आणि खाली नव्या चकत्या घातल्या. लुमात धोट्याला ठोसा मारणारा चामड्याचा जाड ठोकळा असतो, त्याला पिकर म्हणतात. झिजलेले पिकर कारखाने फेकून देत. मिस्त्री ते गोळा करून त्यांच्या चकत्या कापायचा. त्या चकत्यांवर बसलेली सीट मी पुढे दहा-दहा वर्षांनी पाहिली आहे. जागची हललेली नव्हती.

माझ्या दुकानाला त्याचा त्रासच होता. गिऱ्हाईक सीट बघत असलं की हा मागून यायचा, ती सीट काउंटरशेजारच्या नमुन्याच्या कमोडवर ठेवून सरळ बसायचा आणि डोळे मिटायचा. गिऱ्हाईक त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं. "न्हाय. ही नको घेऊ. बिजागरी प्लास्टिकची हाय." मी भडकायचो. एकदा मी त्याला म्हणालो, "तुला काय ज्योतिष कळतं का रे? डोळ्यांना तर सरळ दिसतेय." तो म्हणाला, "डोळ्याला कळत न्हाय शेट, बुडाला कळतं. तू बस, तुलापन कळंल." गिऱ्हाईक हसलं आणि दोन दुकानं सोडून पुढे गेलं. मिस्त्रीला मी त्या दिवशी बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी तो आला आणि पितळी बिजागरीच्या सीटा मागव म्हणाला. मी मागवल्या. खपल्या. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

मग माझी आई पडली. घरामागच्या जुन्या संडासात, ओल्या फरशीवर. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, घरी आणली. आई ठेंगणी पण अंगाने जड, खाडीच्या चिखलात उभी राहून काम केलेली बाई. माझी बायको किरकोळ. तिला एकटीला आई उचलेना, म्हणून खाटेजवळच्या भांड्यावर बसवायला मला हात लावावा लागे. मी डोळे मिटून काखेत धरायचो. आई म्हणायची, "तू भायेर जा रं." मी बाहेर गेलो तर ती पडणार, हे तिलाही माहीत होतं. चार-पाच दिवसांत माझ्या लक्षात आलं की आईने पाणी सोडलं आहे. सकाळी अर्धा कप चहा, औषधापुरता घोट. ओठ फाटले होते. डॉक्टर म्हणाले, पाणी द्या, नाहीतर मूत्रपिंड जाईल. आई आम्हाला म्हणाली, "माझी मी संडासात जाया लागले की पीन."

मी मिस्त्रीला बोलावलं. त्याने आईच्या खाटेशी बसून सगळं केलं. सुतळी, गाठ, कुठला हात, कुठला पाय. आई इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, "माझ्या लग्नात पन येवढी मापं घेतली नव्हती." घराच्या आतल्या बाजूला त्याने दोन दिवस खपून कमोड बसवला, भिंतीत दांडा गाडला आणि नेहमीप्रमाणे सीट काढायला लागला.

"राहू दे," मी म्हणालो. "उद्या बसवायची आहे तिला."

"चार दिवस."

"एक."

"शेट, हा काय नळाचा भाव हाय? सिमेंटला घाई कळत न्हाय."

"तिचे ओठ बघितलेस? चार दिवसांत ती जाईल. सीट ने हवी तर. दुकान माझं आहे, संध्याकाळी दुसरी आणून लावतो."

 सीट नेणं ही एकच युक्ती होती त्याच्याकडे आणि ती माझ्यापुढे चालत नव्हती. मी आवाज चढवला. शेजारचे डोकावले. त्याने दांड्याच्या बुडाशी ओल्या सिमेंटला अंगठा लावून पाहिला. मग म्हणाला, "तीन." मी म्हणालो, "दोन." हे माझ्या तोंडून सवयीने गेलं. समोरचा एक पायरी उतरला की मी दुसरी मागतो. त्याने सीट जागेवर ठेवली आणि बोल्ट आवळले. जाताना दारात थांबून म्हणाला, "दोन तर दोन. पन दांड्यावर भार टाकू देऊ नको. तिला एकटी सोडू नको."

दोन दिवस झाले आणि सकाळी मी आणि बायकोने आईला आत नेलं. बसवलं. पाय विटांच्या पायरीवर टेकले. आईने इकडेतिकडे पाहिलं, दांड्यावर हात फिरवला. आणि म्हणाली, "आता भायेर जा दोघं." कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजात हुकूम होता. मी बायकोला खूण केली, बाहेर आलो, दार ओढून घेतलं. उठताना आईने सगळा भार दांड्यावर टाकला. दांडा विटेच्या तुकड्यासकट बाहेर आला. दार बाहेर उघडत होतं म्हणून आम्ही लगेच आत गेलो. तिचा तोच खुबा पुन्हा गेला होता.

डॉक्टरांनी पुन्हा ऑपरेशन नको म्हणून सांगितलं. आई खाटेवर आली आणि खाली भांडं आलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मिस्त्री दुकानात आला. कुणीतरी त्याला सांगितलं असणार. दुकानात गिऱ्हाईक होतं, दोन गवंडी होते, टेम्पोवाला होता. मी पायरीवर उभा राहून ओरडलो, "याला कुणी घरात घेऊ नका. याने बसवलेल्या दांड्याने माझी आई पाडली. हाताला धरून माझ्या घरी न्या आणि भिंतीतलं भोक दाखवा याला." अजून बरंच बोललो. ते इथे लिहीत नाही. मिस्त्रीच्या खांद्यावर पिशवी होती. मला वाटलं तो म्हणेल, चार दिवस सांगितले होते. मी तयारीत होतो. त्यावरही माझ्याकडे उत्तर होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी पानी पिते का?"

मी म्हणालो, "चालता हो."

आई दिवाळी बघायला राहिली नाही.

माझा राग कशाचा आहे ते आता सांगतो. मी दाबणारा माणूस आहे. दाबणं हे माझं काम, त्याच्यावर माझं घर चालतं. न दबणं हे त्याचं काम होतं. हेडमास्तरांपुढे तो दबला नाही, सुतारांपुढे नाही, माझ्या दुकानात मलाच उलटून बोलायचा. मग त्याच दिवशी का उतरला? तीन म्हणाला नसता तर मी दोन म्हणालो नसतो. आणि पायरीवर मी ओरडत होतो तेव्हा एक वाक्य बोलला असता तर भांडण झालं असतं. भांडण मला मिटवता येतं. त्याने मला ते दिलं नाही. वर्षानुवर्षं मी हेच घोकत आलो आहे. बायको एकदा म्हणाली, "मेलेल्या सासूबद्दल बोलताय की मिस्त्रीबद्दल?" मी ताटावरून उठलो.

माझ्या बोलण्याचा परिणाम लवकर झाला. गवंडी लोक वर्तमानपत्रापेक्षा वेगाने फिरतात. त्याला कामं येईनाशी झाली. मग तो मानकोलीच्या एका गोदामावर गेटवाल्याची नोकरी करायला लागला. नव्वदच्या पुढची गोष्ट, तिथे तेव्हा गोदामामागून गोदाम उठत होतं. माझा फरशांचा ट्रक एकदा त्याच गेटवर गेला, मी ड्रायव्हरशेजारी बसलेलो. मिस्त्रीने खाकी शर्टात येऊन गेट उघडलं. वर बघितलं. म्हणाला, "ये शेट. चा घे." मी खाली उतरलो नाही. काम आटोपून ट्रक परत निघाला तेव्हा तो गेटच्या बिजागरीखाली पाचर मारत वाकून बसला होता.

दोन-तीन वर्षांनी तो गेला. छातीत दुखलं, सकाळी संपला. दहाव्याला मी काल्हेरला गेलो. का गेलो ते सांगता येणार नाही. लोक पांगल्यावर त्याची बायको माझ्यासमोर येऊन बसली. पाणी दिलं. म्हणाली, "शेट, येक इचारू? घरात कवा बोललं न्हाय हे. तुझ्या आयेच्या येळेला यांचं खरंच चुकलं व्हतं का?"

तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती माझ्याकडेच होती. मी म्हणालो, "सिमेंट जुनं होतं, वहिनी. गोणी माझ्या दुकानातली."

"मंग यांचं न्हाय चुकलं."

"थोडं त्याचं, थोडं सिमेंटचं."

 तिने मान हलवली, जणू दुकानदाराने सांगितलेला भाव परवडत नाही पण दुसरं दुकानही नाही. सिमेंट जुनं नव्हतं. त्याच आठवड्यात आलेली गोणी होती, मी स्वतः उतरवून घेतली होती.

ती अजून आहे, काल्हेरलाच. तिला वाचता येत नाही, नातीला येतं. म्हणून नातीसाठी सोपं लिहितो. तुझ्या आजोबांनी चार दिवस सांगितले होते. दोन मी केले. दांड्यावर भार टाकू देऊ नको, तिला एकटी सोडू नको, असं त्यांनी दारात थांबून बजावलं होतं. मी ऐकलं होतं, आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. हे आजीला मोठ्याने वाचून दाखव.