अकरा कावडींचं पाणी

आमची पोस्ट साडेपंधरा हजार फुटांवर होती. तिथे मी एकवीस महिने काढले. मी बंदुकीचा माणूस नव्हे. मेडिकलचा हवालदार, नर्सिंग असिस्टंट, इन्फन्ट्री बटालियनला अटॅच. जवान मला डॉक्टर म्हणत. मीही कधी नाही म्हटलं नाही.

गावी आलो की लोक पहिला प्रश्न विचारत, "गोळीबार झाला का?" मी सांगायचो, गोळीपेक्षा तिथली हवा वाईट. कोणाला ते पटत नसे. हवेने माणूस मरतो हे आमच्याकडे कोण मानणार?

वर जाण्याचा नियम असा होता. पहिला टप्पा सहा दिवस, दुसरा चार, तिसरा चार. एकूण चौदा. पहिले दोन दिवस नुसती विश्रांती, मग थोडं चालणं, मग चढ, शेवटी ओझं. या दिवसांत श्वास वाढतो, लघवी वाढते, रक्तातल्या तांबड्या पेशी वाढायला लागतात. हे सगळं शरीर आपणहून करतं. त्याला फक्त वेळ द्यावा लागतो. शरीर जुन्या सुभेदारासारखं असतं. नवी ऑर्डर मानतं, पण घाई केलेली त्याला खपत नाही. आणि शिकलेलं विसरतंही. महिनाभर रजेवर गेलेला जवान परत आला की त्याला पुन्हा टप्प्याटप्प्यानेच वर आणायचं. मग तो कितीही जुना असो.

माझं काम नाडी, रक्तदाब आणि ऑक्सिजन मोजायचं आणि कोणाला पुढे सोडायचं ते मेडिकल ऑफिसरना सांगायचं. त्या बाबतीत मी फार खडूस होतो. एकदा एका सुभेदारसाहेबांना मी दोन दिवस जास्त खाली बसवलं. ते माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही.

नाईक सोपान शेळके त्याच बटालियनमध्ये होता. माझ्याच गावचा, माझ्याच वर्गातला. आमचं गाव पुणतांब्यापासून अठ्ठावीस किलोमीटरवर. शेळक्यांची वस्ती ओढ्याच्या अलीकडे, आम्हा तांबोळ्यांची घरं वेशीपाशी. बारावीनंतर दोघे एकाच भरतीला पळालो. तो इन्फन्ट्रीत गेला, मी मेडिकलला. सतरा वर्षांनी एकाच पोस्टवर भेटलो तेव्हा तो म्हणाला, "सलीम, हितं बी तूच का? गावात काय कमी छळलं व्हय?"

नियम पाळण्यात सोपानचा हात धरणारा कोणी नव्हता. पुढच्या चौकीवर त्याच्या हाताखाली आठ जवान असत. रोज सकाळी प्रत्येकाला विचारायचा, डोकं दुखतं का, झोप लागली का, जेवलास का. एका दुपारी त्याचा रेडिओ आला.

"डेल्टा फॉर डॉक्टर. एक जवान. खोकला ओला. ओठ निळे. ओव्हर."

"चौकीवर येऊन किती दिवस? ओव्हर."

"दुसरा. डोकं कालपास्नं दुखत हुतं. लपवलं त्यानं. ओव्हर."

"ऑक्सिजन लाव. खाली आण. आत्ता. ओव्हर."

"निघालो. आउट."

फुप्फुसात पाणी झालं होतं. सोपान आणि तिघांनी त्या जवानाला स्ट्रेचरवरून साडेचार तासांत खाली आणलं. तो वाचला. सोपान मात्र दोन दिवस स्वतःवर चिडलेला होता. "कालच वळखायला पायजे हुतं," एवढंच म्हणायचा.

त्या वर्षी चैत्रात आम्हा दोघांची रजा एकदम लागली. लेहहून विमानाने दिल्ली, तिथून रेल्वेने कोपरगाव. स्टेशनवर उतरलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. फलाटावरची फरशी बुटातून भाजत होती. रिक्षात बसेपर्यंत माझं डोकं दुखायला लागलं. सोपानने शर्टची बटणं सोडली आणि हसत म्हणाला, "आलं बाबा घर."

तीन दिवसांनी गावची यात्रा होती. आमच्याकडे भैरवनाथाला गंगेच्या पाण्याने अंघोळ घालतात. गंगा म्हणजे गोदावरीच. पोरं पुणतांब्याच्या घाटावर जातात, पहाटे नदीत बुडी मारतात, तांब्याचे कलश भरून कावडी खांद्यावर घेतात आणि अनवाणी गावाकडे निघतात. कावडी अकरा. त्यांतली मानाची शेळक्यांची. बाकीच्या कावडींना खांदेपालट चालते. मानाची कावड पहिल्या पावलापासून देवळापर्यंत एकट्याने आणायची. ती जमिनीला टेकवायची नाही. आणि ती घेणाऱ्याने देवावर पाणी पडेपर्यंत स्वतः पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. सोपानचे चुलते तात्या यांनी ती बावीस वर्षं आणली होती. गुडघे गेल्यामुळे त्यांनी त्या वर्षी सोपानचं नाव काढलं.

आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही सोपानच्या ओट्यावर बसलो होतो. त्याची बायको मंदा चहा घेऊन आली. मी म्हणालो, "सोपान, घरी येऊन दोनच दिवस झालेत. या उन्हाची सवय गेलीय आपली. यंदा दुसऱ्याला दे कावड."

"घरी यायला बी चौदा दिवस का रं? टप्पा एक, कोपरगाव. टप्पा दोन, म्हशीचा गोठा."

मंदा हसली. मीही हसलो.

मला सगळं माहीत होतं. उन्हाशी जुळवून घ्यायलाही शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. मग घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं, अंगातलं पाणी वाढतं. थंडीत दीड-दोन वर्षं राहिलेल्या माणसाचं हे शिक्षण पुसलेलं असतं. त्यात वर राहून त्याचं रक्त दाट झालेलं. हेच वर पोस्टवर असतं तर मी कागदावर 'अनफिट' लिहून खाली सही केली असती, आणि सोपानने सॅल्यूट ठोकून मान्य केलं असतं. इथे मी चहा पिऊन घरी गेलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सकाळी साडेपाचला घाटावरून कावडी उठल्या. मी मागच्या टेम्पोत होतो. टेम्पोत पाण्याचा ड्रम, गुळाची ढेप आणि माझी औषधांची पेटी. मी स्वतः मीठ-साखरेचं पाणी पीत होतो. माझं डोकं दुखायचं अजून थांबलं नव्हतं. नऊपर्यंत सोपान सगळ्यांच्या पुढे होता. मी एकदा टेम्पो पुढे घेऊन त्याला विचारलं, "बरा आहेस?"

"फिट हाय."

सव्वाअकराला पुन्हा विचारलं. तेव्हा त्याने नुसती मान हलवली. चेहरा लाल होता. मी पुढे काही विचारलं नाही. देवाच्या कामात सारखं आडवं कशाला पडायचं, असं मनात आलं.

शेवटच्या सहा किलोमीटरला कावडी धावत न्यायची रीत आहे. बारा वाजून पाच मिनिटांनी पुढे हलगीचा आवाज एकदम वाढला. मंडळी ओरडायला लागली, "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" टेम्पोचा ड्रायव्हर म्हणाला, "सोपानच्या अंगात आलं वाटतं."

आमच्या यात्रेत अंगात येणं नवं नाही. दर वर्षी कोणाच्या तरी येतं. पण सोपानच्या अंगात जन्मात कधी आलं नव्हतं, आणि हे त्या गर्दीत माझ्याइतकं कोणाला माहीत नव्हतं. तरी मी बसून राहिलो. मी नंतर हिशेब लावला. सात मिनिटं. रस्त्यावर माणसं दाटली होती, टेम्पो पुढे जाईना, हे खरं. पण मला पाय होते.

बारा वाजून बारा मिनिटांनी मी उतरून पळालो.

सोपान रस्त्याच्या मधोमध झोकांड्या खात होता. दोघांनी त्याला बगलेत धरलं होतं, कावड खांद्यावरून पडू नये म्हणून. कपाळावर गुलाल, बायका त्याच्या पायावर डोकं ठेवत होत्या. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. तो सारखा एकच बोलत होता.

"सगळे आले का? मोजा. सगळे आले का?"

गर्दी हात जोडून उत्तर देत होती, "आलो, देवा! सगळे आलो!"

तो वरच्या चौकीवरचे आपले जवान मोजत होता.

मी त्याच्या मानेला हात लावायला गेलो. गावाकडून मोटारसायकलवर सामोरे आलेल्या तात्यांनी माझं मनगट धरलं. "सलीम, थांब. वारं हाय अंगात. शिवू नको."

"तात्या, हे वारं नाही. हे ऊन आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "सोपान मरतोय, तात्या."

तात्यांनी हात वर केला. हलगी थांबली. त्यांनी कावड स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि ओरडले, "आडवा करा त्याला, लिंबाखाली!"

मी थर्मामीटर लावला. एकशे आठच्या वर. अंग कोरडं ठणठणीत. अशा वेळी एकच औषध असतं, गार पाणी, भरपूर आणि लगेच. आधी गार करायचं, मग हलवायचं. मी ड्रायव्हरला हाक मारली. ड्रम रिकामा झाला होता. आजूबाजूला नांगरलेली रानं, विहीर अर्धा किलोमीटर लांब.

मी तात्यांच्या खांद्याकडे पाहिलं. साडेपाचपासून अठ्ठावीसपैकी बावीस किलोमीटर वाहून आणलेलं ते पाणी होतं, आणि सगळं गाव देवळात त्याची वाट बघत होतं. मला मागावं लागलं नाही. तात्यांनी कावड उतरवली, जमिनीला टेकवली, कलशाचं तोंड सोडलं आणि पाणी सोपानच्या डोक्यावर ओतलं. मग मागे वळून म्हणाले, "बघता काय? आना सगळ्या!"

एकामागून एक अकरा कावडी त्या लिंबाखाली रिकाम्या झाल्या. बायकांनी पदर भिजवून त्याच्या काखेत, मांडीत, मानेवर ठेवले. ज्या पोरांनी क्षणापूर्वी त्याला देव म्हणून धरलं होतं ती उपरण्याने वारा घालत होती. बारा पस्तीसला पारा एकशे चारवर आला. मला आशा वाटली. खोटं कशाला बोलू, मी मनात म्हणालो, वाचला.

टेम्पोतून तालुक्याला, तिथून अँब्युलन्सने नगरला. मी त्याच्या उशाशी होतो. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते केलं. पण अंगातलं ऊन फार वेळ राहिलं होतं. मूत्रपिंडं थांबली, मग यकृत. तिसऱ्या दिवशी सकाळी सात चाळीसला सोपान गेला. शुद्ध आली नाही. वय छत्तीस.

त्या वर्षी देवाला गंगेची अंघोळ झाली नाही. पुजाऱ्यांनी आडाचं पाणी घातलं.

दहाव्याला मी घाटावर मागे उभा होतो. विधी उरकल्यावर मंदा माझ्याकडे आली. सगळे बाजूला झाले.

"भावजी, वर तुमी त्यांना चौदा दिवस भराभर चालू बी दिलं न्हाई. ते सांगायचे मला फोनवर. मंग हितं का जाऊ दिलं?"

मी खूप उत्तरं तयार केली होती. रजेवर माझा हुकूम चालत नाही, मी सांगितलं होतं, त्यानेच ऐकलं नाही.

"मी हसलो, वहिनी," मी म्हणालो. "तुम्ही होता तिथं."

"म्या बी हसले," ती म्हणाली आणि खाली बसली. मग आम्ही दोघेही रडलो. फौजेत अठरा वर्षांत मी लोकांसमोर रडलो नव्हतो.

मी परत वर गेलो. टप्पा एक, सहा दिवस. माझ्याबद्दल बटालियनमध्ये तक्रार गेली की तांबोळी आता रजेवर निघालेल्यांनाही सोडत नाही. खरंच सोडत नसे. घरी गेल्यावर पहिले आठ-दहा दिवस दुपारी बाहेर पडायचं नाही, कोणाच्या लग्नात नाचायचं नाही, कुस्ती नाही, पळणं नाही. लिहून द्यायचो, वाचून घ्यायचो, सही घ्यायचो. पोरं मागे हसत. हसू दे म्हणायचो.

आता मी निवृत्त आहे, गावातच असतो. बटालियनच्या स्मारकावर सोपानचं नाव नाही. तो रजेवर होता, मोहिमेवर नव्हता. नियम तसा आहे, मी त्याबद्दल तक्रार करत नाही.

पुढच्या यात्रेला मानाची कावड कोणी घ्यायची हा प्रश्न आला तेव्हा घराघरांतून माना खाली गेल्या. शेवटी सोपानचा धाकटा भाऊ उठला. तो शेतीत राबणारा, उन्हातलाच माणूस, तरी मी त्याला तपासला. कावड घाटावरून उठायच्या आधी तात्या काठी टेकत पुढे आले. भरलेल्या कलशातून त्यांनी फुलपात्र भरलं आणि त्याच्या तोंडापुढे धरलं. तो मागे सरला. एक म्हातारा म्हणाला, "तात्या, देवाच्या आधी?"

"देवाला दम निघतो," तात्या म्हणाले. "मानसाला न्हाई निघत. पी."

तो प्यायला. वाटेत दर कोसाला थांबून प्यायला. शेवटचे सहा किलोमीटर कोणी धावलं नाही. देवळात पोचायला दीड तास उशीर झाला आणि कोणी कुरकुर केली नाही.

तेव्हापासून तीच रीत आहे. तात्या गेले, आता फुलपात्र मंदा धरते. दर चैत्रात पहाटे मी घाटावर माझी पेटी घेऊन उभा असतो. मंदा पाणी पुढे करते, कावडवाला मान वर करून घटाघटा पितो. माझ्या सोपानला एवढंच हवं होतं. ते माझ्याजवळ होतं, टेम्पोत, त्याच्यापासून शंभर पावलांवर, आणि मी ते स्वतः पीत बसलो होतो.