शेठाणीले गादी अर्ध्या भावात पायजे

आधी टांग्यातून उतरली ती शेठाणीची नणंद, पान चघळत. मागून अकोल्याची शेठाणी, धापा टाकत. बायांनो, आज दुपारचीच गोष्ट हाय, म्हणून ताजी ताजी आपल्या मंडळाच्या फळ्यावर लिवून राहिली. हसू आवरत नाही मले.

दर्यापुरातला आमचा गाद्यांचा कारखाना तुमाले ठाऊक हाय. गाद्या शिवणारी गिरजा लहानपणी देवी येऊन आंधळी झालेली, कापूस भरणारा नामदेव पायानं अधू. यंदा गिऱ्हाईक नाही. शेठाणीच्या पोरीच्या लग्नाच्या गाद्यांचं काम गेलं असतं, तर दोघांलेही घरी बसवावं लागलं असतं.

शेठाणीनं गादी दाबून पाह्यली. पसंत पडली. मंग म्हणते कशी, "आंधया-लंगड्यायले अर्धीच मजुरी देत असान. मले बी अर्ध्या भावात द्या."

मी म्हटलं, "मजुरी पुरी देतो, बाई."

"काहून? अर्ध्या माणसाले पुरी मजुरी?"

गिरजाची सुई थांबली. "शेठाणी, तुमच्या शेठले एकच डोया हाय म्हणते. कापसात ते नफा अर्धाच घेते काय?"

शेठच्या डोळ्याचं तिले मीच सांगितलं होतं. ती ते असं तोंडावर काढीन, हे मले काय मालूम!

शेठाणी लालबुंद. "शेठलेच घेऊन येतो, मंग पाहा!" म्हणत टांग्यात जाऊन बसली.

नणंद मात्र माह्या कानाशी लागली, "गाद्या शिवून ठेवा, मावशी. भाव पुराच भेटीन. अर्ध्यात काहून नाही भेटल्या, हे आमच्या दादाले तोंडावर सांगन कोण?"

सांगा बायांनो, गिरजानं गप बसावं होतं काय?

जाता जाता शेठाणी गुरुवारी येतो म्हणाली, शेठले घेऊन.