वाचून दाखवलेली पत्रे

ती घटना आठवली की आजही माझी मान खाली जाते. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते आणि मी पांढरकवड्याकडे नवा फौजदार होतो, अंगात कामापेक्षा ऐटच जास्त.

जवळच्या तांड्यावरच्या शाळेतली मास्तरीण एक दिवस ठाण्यात आली. तिने पदरातून चार निनावी पत्रे काढली. मजकूर इतका घाणेरडा, की मी दोन ओळींवर थांबलो. ती म्हणाली, "सायेब, कोनाले सांगू नका. माह्या भावाले समजलं तं तो मले घरी घेऊन जाईन. नोकरी सुटन माही."

गुन्हा अदखलपात्र, म्हणून तपासासाठी मॅजिस्ट्रेटची परवानगी घेतली. पोस्टमनने हळूच सांगितले की ही पाकिटे बाजाराच्या दिवशी कचेरीजवळच्या पेटीत पडतात. पत्रे पुन्हा पाहिली. प्रत्येक कागदाला, कचेरीच्या अर्जाला सोडतात तसा, डावीकडे घडी घालून समास सोडलेला. शिवी लिहितानाही अर्जनविसाचा हात सवय सोडत नाही!

कचेरीबाहेर अर्ज लिहिणाऱ्याला उचलला. तासभर त्याने देवाच्या शपथा घेतल्या. कागद पुढे ठेवून मी विचारले, "काहून लिवलं बे?" तो रडकुंडीला आला. "साळेतली जागा माह्या भावाले पायजे होती. वाटलं, मास्तरीण निघून जाईन."

माझी छाती फुगली. ठाण्याच्या ओट्यावर पंचनामा केला आणि चारही पत्रांचा मजकूर त्यात शब्दशः उतरवला. त्याची काहीच गरज नव्हती, 'पत्रे चार, जप्त' एवढे पुरले असते. पंच निरक्षर शेतकरी. अंगठ्याआधी पंचनामा वाचून दाखवायचा असतो, तो मी खड्या आवाजात वाचला. बाजाराचा दिवस होता. माणसे जमली, कोणी हसलेही. मी थांबलो नाही.

मास्तरीण आत जबाबासाठी बसली होती. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सायेब, त्यानं मले एकलीले लिवलं होतं. तुमी साऱ्या बजाराले आयकवलं."

आठवड्यात तिचा भाऊ बैलगाडी घेऊन आला आणि तिला घरी घेऊन गेला. अर्जनविसाला शिक्षा झाली, मला वरिष्ठांची शाबासकी मिळाली आणि त्याला हवे होते ते मी करून दिले. कायदा पत्र लिहिणाऱ्याला धरतो. पंचनाम्याच्या नावाखाली तेच पत्र चव्हाट्यावर वाचणाऱ्या फौजदाराला कोणते कलम लावायचे? मी तिची माफीसुद्धा मागितली नाही.

पुढे कळले, दवाखान्यातल्या नर्सबाईंनाही दुसऱ्या कोणाकडून तशीच पत्रे येऊ लागली होती. त्यांनी ती चुलीत घातली. ठाण्यात आणली नाहीत.