मामांचे सलग तेरा विजय

अख्ख्या ब्रिटनमध्ये क्रिकेटकडे पाठ फिरवून बसलेला मराठी माणूस शोधायला निघालात, तर तो शोध हॅरोमध्ये माझ्या मामेसासऱ्यांच्या दाराशीच संपेल. अकोल्याचा जन्म, इंजिनीयर म्हणून इथे चाळीस वर्षं नोकरी, मामी गेल्यापासून एकटे, आणि भक्ती कशावर, तर अमेरिकेतल्या एका बेसबॉल संघावर. तो संघ त्यांचे थोरले भाऊ, दादा, राहतात त्या शहराचा. मामांनी ते शहर कधी पाहिलेलंसुद्धा नव्हतं. संघ वर्षानुवर्षं तळाशी. घरातल्या नापास होणाऱ्या मुलाबद्दल बोलावं, तसं मामा त्याच्याबद्दल आवाज खाली आणून बोलत.

अमेरिकेतले सामने इथल्या मध्यरात्री चालतात, म्हणून मामा सकाळी आठला रेकॉर्डिंग पाहत. तोवर निकाल कानावर पडू नये यासाठी ते एखाद्या सोवळ्यातल्या माणसासारखे वागत. पेपर उघडायचा नाही, रेडिओ लावायचा नाही, पोस्टमनशी बोलायचं नाही. इथल्या पोस्टमनला बेसबॉलमध्ये काय रस असणार, असं मी एकदा म्हटलं, तर म्हणाले, "माणसाचा काय भरवसा?" साडेअकराच्या सुमाराला, सामना पाहून झाला की दादांना फोन. तिकडे तेव्हा सकाळचे साडेसहा. दादांनी सामना आदल्या संध्याकाळीच पाहिलेला असे, पण धाकट्याचा फोन येईपर्यंत ते निकालाचं अवाक्षर काढत नसत. मग कोणी सोपा झेल सोडला, कोणाला उगाच खेळवलं, यावर दोघं अर्धा तास बोलत आणि "ठेवतो" म्हणून ठेवून देत. तब्येत, मुलं, आईवडील, यातलं काही त्या फोनवर आलेलं मी कधी ऐकलं नाही.

गेल्या जूनमध्ये तो संघ जिंकू लागला. पहिल्या विजयाच्या दिवशी मी, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी त्यांची भाचेसून, कारल्याची भाजी देऊन आले होते. चौथ्या विजयानंतर मामांनी त्यावरून सिद्धांत मांडला आणि मला रोज कारली करावी लागली. भर उन्हाळ्यात तोच तपकिरी स्वेटर, तीच खुर्ची, तोच उजवा पाय डाव्यावर. एकदा मी भेंडीचा डबा आणला, तर त्यांनी तो दारातूनच परत केला. रागावून नव्हे, अगदी हात जोडून. सलग अकरा झाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा जबाबदारीच जास्त दिसत होती.

तेरावा विजय पाहून झाल्यावर त्यांनी फोन लावला, तो दादांनी उचलला नाही. वहिनींनी उचलला. दादांचा आजार आम्हाला माहीत होता. तो इतका वाढलाय हे त्यांनी कळू दिलं नव्हतं. डॉक्टरांनी औषधं थांबवली होती. फोन स्पीकरवर होता, म्हणून वहिनींचं वाक्य मीही ऐकलं. "भावजी, यायचं असेल तर आता या."

फोन ठेवून मामा म्हणाले की इतक्यात निघता यायचं नाही. संघ जिंकतोय, दादा त्यावरच तग धरून असणार. आपण इथून हललो आणि ते हरले तर? मला राग आला होता, पण समोर ते त्याच तपकिरी स्वेटरमध्ये बसले होते. मी इतकंच म्हटलं, "मामा, दादांना तुम्ही हवे आहात."

त्यांनी डाव्यावरचा उजवा पाय खाली घेतला. मग हळूच म्हणाले, "तिथे जाऊन मी त्याच्याशी काय बोलू?"

मी तिकीट काढलं, बॅग भरली आणि दुसऱ्या दिवशी त्यांना हीथ्रोला सोडलं.

पुढचं सगळं त्यांनी परत आल्यावर सांगितलं, तुकड्यातुकड्यांनी. मधला एक दिवस सामन्यांना सुट्टी होती. मामा पोचले त्या संध्याकाळी दादांच्या पलंगाशेजारी बसून दोघांनी चौदावा सामना पाहिला. आयुष्यात पहिल्यांदाच, एका खोलीत, एका वेळी. संघ हरला. मामांना वाटलं, हे आपल्यामुळेच. त्यांना भावाकडे बघवेना. दादांनी टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "बरं झालं. आता बोलू."

आणि त्यांनी आईबद्दल विचारलं. वीस वर्षांपूर्वी ती अकोल्यात वारली तेव्हा दादांची व्हिसाची कागदपत्रं अडकली होती आणि त्यांना जाता आलं नव्हतं. शेवटी तिच्याजवळ होते ते मामा. दोघांचे बेसबॉलचे फोन त्यानंतरच सुरू झाले होते, हे मला ऐकताना लक्षात आलं.

"शेवटी काही म्हणाली का रे?" दादांनी विचारलं.

मामांनी सांगून टाकलं. शेवटच्या आठवड्यात ती रोज विचारायची, थोरला निघाला का. तुला लागेल म्हणून मी कधी बोललो नाही, असंही म्हणाले. दादा खूप रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "वाटलंच होतं मला. पण तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

त्यानंतर दादा सोळा दिवस होते. सामने चालूच होते. त्यात कोण जिंकलं, ते मामांना आठवत नाही.

यंदा संघ पुन्हा तळाशी गेलाय. मामा रेकॉर्डिंग पाहतात, अगदी शेवटच्या चेंडूपर्यंत. मग अमेरिकेला फोन लावतात. वहिनींना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. फोन तासभर चालतो.