तेवीस डबे

मागच्या महिन्यात मंगरूळपीरच्या एका कॉलेजात गेले होते... नकाशा काढायला. रस्त्यांचा नाही, कॉम्प्युटरच्या जाळ्याचा. कुठली वायर कुठल्या डब्यातून कुठल्या खोलीत जाते, त्याचा.

हल्ली हे हाताने काढावं लागत नाही. लॅपटॉप जोडायचा, सॉफ्टवेअर सुरू करायचं आणि चहा प्यायचा. ते एकेका डब्याला हाक मारतं, डबा हजेरी देतो आणि स्क्रीनवर आपोआप चित्र उभं राहतं. मला त्याचा फार अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकते.

कॉलेजची अडचण अशी की रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळीकडचं नेट बंद पडायचं आणि तासाभराने आपलं आपण सुरू व्हायचं. संस्थेच्या सचिवांचा संशय लॅब सांभाळणाऱ्या देवराव काकांवर होता. "तोच कुठंतरी हात घालते मॅडम. त्याचं कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात संपून राह्यलं. तुमचा रिपोर्ट आला की ठरवतो."

म्हणजे सतरा वर्षं तिथे राबलेल्या माणसाची नोकरी माझ्या लॅपटॉपवर येऊन बसली होती. आणि ते काकांनाही माहीत होतं... तरी सकाळपासून माझ्यासाठी शिडी उचलत, कुलपं उघडत फिरत होते बिचारे.

बारापर्यंत नकाशा तयार झाला. बावीस डबे, सगळे हिरवे, कुठेच बिघाड नाही. मी मोठ्या ऐटीत प्रिंट काढून काकांसमोर ठेवली.

त्यांनी चष्मा लावला आणि एकेका चौकोनावर बोट ठेवत मोजलं. मग हळूच म्हणाले, "मॅडम, एक कमी हाये. तेवीस पायजेत."

मला रागच आला, खोटं कशाला बोलू? म्हटलं, काका, सॉफ्टवेअर चुकत नाही. तर म्हणाले, "दरसाल खंडेनवमीले मी एकेका डब्ब्याले झेंडूचं फूल वाह्यतो. तेवीस फुलं लागतात मले."

ते उठले, मी निघाले त्यांच्या मागे.

स्टाफरूममधलं लोखंडी कपाट त्यांनी जरासं सरकवलं. मागे जमिनीवर एक जुना, स्वस्तातला स्विच होता, म्हणजे एका वायरचं नेट चार जणांना वाटून देणारा डबा. वर धूळ, आणि मागच्या वर्षीचं वाळून काळं पडलेलं झेंडूचं फूल! असले साधे डबे हाकेला ओ देतच नाहीत, म्हणून माझ्या नकाशात तो आलाच नव्हता. शाळेतल्या पोरीसारखी ओशाळले मी.

जेवणाची सुट्टी झाली होती. तिथे बसणारे सर लॅपटॉप काढून घेऊन घरी जेवायला गेले होते आणि त्यांच्या वायरचं मोकळं टोक टेबलाखाली लोंबकळत होतं. माझ्याशी बोलता बोलता काका वाकले आणि ते टोक त्यांनी डब्याच्या रिकाम्या भोकात नीट खोचून ठेवलं.

मिनिटभरात ऑफिसातून ओरडा आला... नेट गेलं!

मी ती वायर उपसली. नेट आलं. पुन्हा खोचली, पुन्हा गेलं. वायरची दोन्ही टोकं एकाच डब्यात गेली की माहिती आपली तिथल्या तिथे गरगर फिरत राहते आणि सगळ्या कॉलेजचा श्वास कोंडतो. सर जेवून आले की वायर काढून लॅपटॉपला लावणार, की सगळं सुरळीत.

काका माझ्या हाताकडे बघत होते. मग खुर्चीवर बसले. "म्हंजे... मीच? अवो, वायर लोंबते, कोनाच्या पायात आली तर पडन नं मानूस, म्हनून खोचून ठेवत होतो रोज."

सचिवांचा संशय खरा होता आणि तरीही किती चुकीचा होता. म्हटलं, काका, मी रिपोर्टमध्ये नुसतं तांत्रिक बिघाड लिहिते, तुमचं नाव येणार नाही.

त्यांनी मान हलवली. "खोटं कायले लिहितं पोरी? माह्या हातानं झालं, माह्यं नाव लिही." सकाळपासूनची मॅडम तिथे पोरी झाली.

मग मी सगळंच लिहिलं. वायर कोणी खोचली, का खोचली, आणि ते भोक कशासाठी असतं हे सतरा वर्षांत त्यांना कोणीही सांगितलं नव्हतं, हेही. तेविसावा डबा सॉफ्टवेअरला नाही, देवरावांना माहीत होता. हा माणूस गेला तर हा नकाशा अपुरा राहील. नकाशात तो डबा मी हाताने काढला.

सचिवांनी रिपोर्ट दोनदा वाचला. मला वाटलं, आता वाद घालणार. ते एवढंच म्हणाले, "बोलवा त्याले. नकाशा त्याच्यापाशीच राहू द्या." निघताना काका माझी बॅग उचलून फाटकापर्यंत सोडायला आले.

काल खंडेनवमी. व्हॉट्सॲपवर काकांनी पाठवलेले फोटो आले. तेवीस डबे, तेवीस फुलं. कपाटामागच्या डब्याशेजारी भिंतीत एक खिळा ठोकलेला आणि ती वायर त्यावर गुंडाळून टांगलेली. शेवटच्या फोटोत लॅबच्या भिंतीवर माझा नकाशा, त्यावरही एक झेंडू. खाली लिहिलं होतं, "औंदा चोवीस लागले."

इतकी वर्षं ज्याच्या जिवावर पोट भरते, त्या लॅपटॉपला मी कधी फूल वाहिलं नव्हतं... काल वाहिलं.